कोयत्याला इतिहास नाही काय?

बीड जिल्ह्याचा इतिहास लिहायला घेतला, की आम्हा प्राध्यापकांची लेखणी ठरलेल्या वाटेने चालते. अंबाजोगाईचे मुकुंदराज, दासोपंतांची पासोडी, बीडची निजामशाहीकालीन खजाना विहीर. मग एकदम परळीचे औष्णिक वीज केंद्र (१९७१) आणि शेवटी ‘जिल्हा औद्योगिकदृष्ट्या मागास’ हे समारोपाचे वाक्य. महाराष्ट्राच्या साखर उद्योगाला याच जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या हात पुरवले, हे त्या लेखनात येतच नाही.

साखरेचा इतिहास तरी कोणाचा लिहिला गेला? प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्याच्या कथेत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावे यथोचित येतात. फडातला तोडणारा मात्र निनावीच राहतो. दसऱ्यानंतर घराला कुलूप घालून निघालेले नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजले जातात. दोन माणसांना एका अवजाराचे नाव देणारी ही लक्षणा आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला कधी फळ्यावर लिहिली आहे काय? उचल, मुकादम, कोपी, वाढे, खाडा हे शब्द म्हणजे एका उद्योगाचा कोशच आहे. ‘खाडा’ म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे, तिच्यामागे दंडही येतो. २०१९ साली जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या शासकीय पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागच्या कारणांत या खाड्याची धास्तीही पुढे आली. एका शब्दाचा अर्थ इतका खोल जाऊ शकतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगायचे नाही, तर कोणी?

यावर आक्षेप ठरलेला आहे: दुःखाला वारसा म्हणणे ही कष्टकऱ्यांची चेष्टा होय. आक्षेप अर्धा खरा आहे. म्हणूनच वेल्सचे उदाहरण पाहावे. तेथील ब्लेनाव्हनची ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० साली बंद पडली आणि १९८३ साली संग्रहालय म्हणून खुली झाली. जुने खाणकामगारच लोकांना भूगर्भात नेऊन आपले काम सांगू लागले. त्यामुळे कोळशाच्या धुळीचा गौरव झाला नाही. ती कोणाच्या छातीत गेली, हे मात्र ऐकायला मिळाले.

तेथे ही नोंद खाण बंद पडल्यावर झाली. आमच्याकडे फड अजून उभा आहे आणि त्यात तोडणी यंत्रही शिरले आहे. कोयता हातातून सुटावा, हीच आमची इच्छा. पण त्याच्यासोबत साक्षही पुसली जाऊ नये. ज्या श्रमाची नोंदच नाही, त्याचा हक्क मागणार तरी कशाच्या आधारावर?

ज्यांचे बालपण कोपीत गेले, अशी मुले आज आमच्या वर्गात बसतात आणि आम्ही त्यांना ‘ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण’ हा प्रबंधविषय देतो. त्यांच्या आईचे बोलणे हे अभ्याससाधन आहे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही. मागासलेपण असलेच, तर ते येथे आहे.