नळाला लावलेली मोटार

मनमाडमध्ये पाणी येण्याचा दिवस म्हणजे काय, हे रोज नळ सोडणाऱ्या शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. वागदर्डी धरण आटलं की दोन पाळ्यांमधलं अंतर आठवड्यांत मोजायचं. पाणी सुटलं की सगळी गल्ली हंडे-ड्रम मांडून बसते आणि नेमक्या त्याच वेळी कुणाच्या तरी घरात नळाला थेट मोटार जोडली जाते. त्याची टाकी भरते, टोकाच्या घरातला नळ नुसता फुसफुसतो. विचारायला जा, उत्तर ठरलेलं असतं : "मोटार माझी, वीजबिल मी भरतो, तुमच्या पोटात का दुखतं?"

व्यावसायिक फुटबॉलमधली पगारमर्यादा उठवा, असं कुणी म्हणू लागलं की मला ही मोटार ऐकू येते.

आपल्याकडे इंडियन सुपर लीगने संघाच्या एकूण पगारखर्चावर वरची मर्यादा घातली. काही हंगाम ती साडेसोळा कोटी रुपये होती. 2025 साली भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला जुना करार संपत आला, नवा होईना आणि लीगच अडकून पडली. आता सगळं घर नव्यानं मांडायचं आहे. अशा वेळी ही मर्यादा अडगळीत टाकावी, असं म्हणणाऱ्यांचा आवाज वाढणार. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट ऐकू. तो पोकळ नाही.

ते म्हणतात, फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा. गुडघा गेला की संपलं. त्याच्या कष्टाची किंमत मालकांनी संगनमतानं का ठरवावी? दाखला इंग्लंडचा देतात आणि तो खरा आहे. तिथे 1901 साली आठवड्याला चार पौंड ही खेळाडूची कमाल मजुरी ठरली. साठ वर्षांनी ती वीस पौंडांवर पोचली होती. मैदानाबाहेर हजारोंची रांग, आत खेळणारा मात्र साध्या कारागिराच्या पगारावर. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेनं संपाचा इशारा दिला आणि जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा गेली. लवकरच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. त्या काळी मी तिथे असतो तर हिल यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं आहे. 1901 ची मर्यादा माणसावर होती. कितीही थोर खेळाडू असो, त्याला अमुक इतकेच. आपली मर्यादा संघाच्या तिजोरीवर आहे. एकाला तीन कोटी द्यायचे तर द्या, फक्त बाकीच्यांचं गणित जमवा. पहिली हंड्याचा आकार ठरवते, दुसरी मोटारीला मनाई करते.

मोटारीची मनाई का लागते? कारण पाणी मोजकं आहे. 2021-22 च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये मैदानावर चारच परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले, म्हणजे अकरापैकी किमान सात भारतीय. या पातळीवर खेळू शकणारे भारतीय मुळात थोडे, आणि प्रत्येक संघाला हवे तेच ते. एका मालकानं दुप्पट बोली लावली म्हणून देशात नवा बचावपटू जन्माला येत नाही. आहे तोच महाग होतो आणि बाकीचे संघ ऐपत नसताना त्याच्या मागे धावतात. खेळाडू वाढवायचे तर पैसा बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर, प्रशिक्षकांवर, मैदानांवर घालावा लागेल. वरच्या बोलीत सगळा ओतला तर खाली काय झिरपणार?

"पैसा मालकाचा आहे, तो उडवील नाहीतर जाळील." हा दुसरा आक्षेप. जाळू दे की, पण धूर कुणाच्या डोळ्यात जातो? चीनमध्ये हे झालं. तिथल्या क्लबांनी परदेशी तारे आणण्यासाठी युरोपला थक्क करणारे पगार दिले. पगारांवर कडक मर्यादा जाहीर झाली तोवर 2020 चा डिसेंबर उजाडला होता. त्याच वर्षी लीग जिंकलेल्या जिआंग्सू संघाच्या मालकानं फेब्रुवारी 2021 मध्ये क्लबचं काम थांबवलं. विजेतेपदानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी! मालक दुसऱ्या धंद्याला लागतो. राखीव बाकावरचा विशीतला पोरगा आणि गवत कापणारा माळी कुठे जाणार?

आपल्याकडे तरी वेगळं काय? 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 साली बंद झाला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला. मालकाच्या उत्साहावर उभं राहिलेलं फुटबॉल उत्साह ओसरला की बसतं. त्याआधीचं मुंबईचं फुटबॉल रेल्वे, बँका, गिरण्या यांच्या संघांवर उभं होतं. त्या खेळाडूला वेतनश्रेणी होती, म्हणजे एका अर्थी मर्यादाच. त्यात कुणी कोट्यधीश झाला नाही हे कबूल, पण महिनाअखेरीला हातात पगार पडायचा. आमच्या गावात पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आहे. ठरल्या तारखेच्या पगाराची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पळवाटांचा आक्षेप मी लांबवत नाही. पगार कमी दाखवून उरलेले पैसे जाहिरातीच्या करारातून देता येतात, हे खरं. तपासणीचा माणूस आला की मोटारही पलंगाखाली जाते. म्हणून कुणी मोटारी अधिकृत करत नाही, तपासणी वाढवतात. आणि तारे हवे असतील तर अमेरिकेनं 2007 साली बेकहॅमसाठी केलं तसं करा. मर्यादेबाहेरच्या मोजक्या जागा ठेवा, पण उघड, नियमात लिहून.

आता माझ्या बाजूची दुखरी जागा. हैदराबाद एफसी 2021-22 चा विजेता. मर्यादा लागू असतानाच, दोन हंगामांत त्याच संघाचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, नव्या खेळाडूंची नोंदणी फिफानं रोखली. मग मर्यादेनं काय केलं? काही नाही, कारण ती सगळ्यांना सारखी होती आणि कुणाच्याच उत्पन्नाशी बांधलेली नव्हती. ज्याच्या खिशात पाच आहेत त्यालाही साडेसोळापर्यंत जायची मुभा! स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबची मर्यादा त्याच्या कमाईवर आणि कर्जावर ठरते. म्हणूनच 2021 मध्ये बार्सिलोनाला मेस्सीची नवी नोंदणी करता आली नाही. "नियमानं मेस्सी घालवला" असा गळा तेव्हा अनेकांनी काढला. मेस्सीला घालवलं क्लबच्या कर्जानं. नियमानं फक्त वही उघडून दाखवली.

तेव्हा मर्यादा राहू द्या, पण अर्धवट नको. ती क्लबच्या खऱ्या उत्पन्नाशी बांधा. वरच्या रेषेसोबत खालचीही आखा, म्हणजे संघातल्या सर्वांत धाकट्या खेळाडूला किमान पगार ठरेल. आणि महासंघाला मनमाडहून एवढंच सांगणं आहे : हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबकडून सहा महिन्यांचे पगार बँकेत भरून घ्या. ज्याचे भरलेले नाहीत, त्याचं नाव वेळापत्रकात घालू नका, मग मालक कितीही मोठा असो.