आधी नाव, मग औषध

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये, असा संकेत आहे. पण लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, त्या सणवार पाहून येत नाहीत. आठवा महिना लागलेली लेक म्हणते, "आई, तळहात-तळपाय फार खाजतात गं, रात्री डोळा लागत नाही." आई म्हणते, "उष्णता झाली असेल, सब्जा घे." पुष्कळ घरांत विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, म्हणून हा लेख.

अंगावर पुरळ नाही आणि तरी तळहात-तळपाय खाजतात, खाज रात्री वाढते, हे यकृताचे गाऱ्हाणे असू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही स्त्रियांच्या यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नाही आणि पित्तातली आम्ले रक्तात साठतात. डोळे पिवळे होतीलच असे नाही. रक्तातली 'बाइल ॲसिड' मोजली की उलगडा होतो.

यावर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. नावातला 'अर्सो' म्हणजे अस्वल. अस्वलाच्या पित्तावरून हे नाव पडले. या गोळ्यांनी बाळाचा धोका टळतो, असा समज बरीच वर्षे होता. २०१९ साली इंग्लंड-वेल्समधल्या ६०५ गरोदर स्त्रियांवरील चाचणीचा निकाल आला. निम्म्या स्त्रियांना खरी गोळी दिली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. आईची खाज किंचित कमी झाली. बाळांच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा गोळी घ्यावी, पण तिच्यावर विसंबून तपासण्या चुकवू नयेत. बाइल ॲसिडचा आकडा शंभरावर गेला, तर मूल पोटात दगावण्याची भीती वाढते. अशा वेळी प्रसूती केव्हा करावी, हा निर्णयच खरा उपचार ठरतो.

दुसरी कावीळ पाण्यातून येते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी मिसळलेले यमुनेचे पाणी नळावाटे घरोघर गेले आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. आज आपण तिला 'हिपॅटायटिस ई' म्हणतो. एरवी माणूस यातून बहुधा आपोआप बरा होतो. पण दिवस भरत आलेल्या स्त्रियांत, साथीच्या काळात, शंभरांतल्या वीस-पंचवीसपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. या विषाणूवर इतरांना कधी कधी रायबाविरिन देतात. गरोदरपणी ते चालत नाही, कारण त्याने गर्भाला अपाय होतो. म्हणजे हाती उरते वेळेवर इस्पितळात दाखल होणे आणि त्याआधी, घरोघरी, उकळलेले पाणी.

तिसरी 'हिपॅटायटिस बी'. इथे औषध खरोखर कामाचे आहे आणि ते मुख्यतः बाळासाठी. आईच्या रक्तात विषाणू फार असतील, तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर देतात. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचतात, जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन. एवढे केले की बहुतेक बाळे या रोगापासून वाचतात. सासूबाईंना माझी एक विनंती आहे. अशा सुनेचे ताटवाटी वेगळे करू नका. हा रोग पंक्तीला बसून लागत नाही.

चौथा प्रकार सर्वांत घाईचा. शेवटच्या तिमाहीत सतत उलट्या, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, डोके ठणकणे, रक्तदाब चढणे. यांत यकृत बिघडले असेल, तर गोळी-काढ्याने भागत नाही. डॉक्टर आधी आईला सावरतात. पण खरा उतार पडतो तो प्रसूतीनंतरच.

आता सांगा, या चौघींना एकच झाडपाला कसा लागू पडावा? गळ्यात घातलेली काविळीची माळ लांबत जाते, ती दोरा सैल होतो म्हणून. हात धुतलेले चुन्याचे पाणी पिवळे होते, ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाने. माळेने अपाय होत नाही, हे खरे. पण तिच्या भरवशावर जे चार दिवस जातात, ते परत मिळत नाहीत. पोटात घेतलेल्या अनोळखी मुळ्या तर आधीच दमलेल्या यकृतावर आणखी ओझे टाकू शकतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हायची.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न न संकोचता विचारावे. ही कावीळ कोणती? हे औषध आईसाठी की बाळासाठी? आणि प्रसूतीची वेळ बदलावी लागेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याचे काम त्याने सोपेच होते.