माया हवीच, पण गणितही आले पाहिजे

खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आपल्या वस्तीतल्या मुलांचे नुकसान दोन प्रकारचे गुरुजी करतात. पहिला प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. भर वर्गात "तुम्हाला काय, सवलती आहेतच" असे म्हणणारा, झाडलोटीला नेमकी वस्तीतलीच मुले लावणारा. त्याच्याविरुद्ध चळवळ लढत आली आहे आणि अजून पुष्कळ लढायचे बाकी आहे. दुसरा प्रकार मात्र आपल्या नजरेतून निसटतो, कारण तो माणूस वाईट नसतो. तो मुलांना जवळ घेतो, वही नसेल तर स्वतःच्या खिशातून आणून देतो, कुणी आजारी पडले तर घरी जाऊन विचारपूस करतो. आणि मनातल्या मनात ठरवून टाकतो की या बिचाऱ्यांना भागाकार काही जमायचा नाही. मग तो भागाकार मागतच नाही. गाणी म्हणून घेतो, चित्रे काढून घेतो आणि वर्षअखेरीला सगळ्यांच्या नावापुढे चांगली श्रेणी भरून मोकळा होतो.

पहिला म्हणतो, तुझी लायकी नाही. दुसरा म्हणतो, तुझी परिस्थिती नाही. मुलाच्या पदरात पडते ते एकच. पोरगे सातवीत जाते आणि त्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस धड वाचता येत नाही. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत नव्हता. ही मुले कोणाची, हे या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

महात्मा फुल्यांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा हेही त्यांनी लिहिले आहे. तो शेतकरी वर्गातून यावा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, त्यांच्या गरजा त्याला कळाव्यात, आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा हाती धरायला त्याला लाज वाटू नये. त्याचबरोबर तो रीतसर प्रशिक्षित असावा आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे आपुलकी हवी आणि कसबही हवे. एकाच्या बदल्यात दुसरे चालेल, असे जोतीराव कुठेही म्हणत नाहीत.

बाबासाहेबांच्या घरातच या दोन गोष्टींचा मिलाफ होता. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मुलगा अभ्यासाला बसला की नाही, यावर त्यांची कडक नजर असे. मुंबईच्या एका खोलीच्या संसारात पहाटे दोनला ते भीमरावांना उठवीत आणि तोवर स्वतः जागे राहत. मुलाला पुस्तक हवे झाले आणि हातात पैसे नसले, तर लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत आणि गहाण टाकून ते पुस्तक घेत. दया करणारा बाप म्हणाला असता, झोपू दे पोराला, दिवसभर दमला आहे. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीही बागेत वाचत बसलेल्या या मुलाची नुसती पाठ थोपटली नाही. त्यांनी त्याला पुस्तके दिली, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर बुद्धचरित्र हाती ठेवले, आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांपर्यंत नेऊन पोहोचवले. उलट, ज्या शाळेने त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, तिने अपेक्षेचे दारच बंद केले होते.

आता आजचे उदाहरण. माझ्या परिचयाचे एक गुरुजी मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात दोनशिक्षकी शाळेवर आहेत. नाव-गाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. ते आपल्याच समाजातले, जिद्दीने शिकून नोकरीला लागलेले. सुरुवातीची दोन वर्षे त्यांनी छडी हातात धरली नाही, पण जिभेचा आसूड सोडला नाही. "मी शिकलो, तुम्हाला काय झाले?" हे त्यांचे पालुपद. गृहपाठ नाही, उभा राहा. शब्द चुकला, उभा राहा. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याला गेल्या आणि एप्रिलमध्ये परतल्या, तेव्हा त्या टोळ्यांबरोबर गेलेली मुले शाळेकडे फिरकलीच नाहीत. पाच-सहा महिने पाचटात काढलेल्या पोराला पहिल्याच दिवशी उभे राहायचे नव्हते.

गुरुजी शहाणे, त्यांना हे कळले. मग ते दुसऱ्या टोकाला गेले. पोरांना काही बोलायचे नाही, काही मागायचे नाही. शाळा भरू लागली, मुले गळ्यात पडू लागली, केंद्रप्रमुख खूश झाले. एका पोराची आजी मात्र एक दिवस शाळेच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, माया कराया मी हाय की घरी. तुमी त्येला अक्षर द्या." त्या म्हातारीचा अंगठा आयुष्यभर मुकादमाच्या वहीवर उमटत आलेला. अक्षर नसल्याची किंमत तिच्याइतकी कोणत्याही प्रशिक्षण वर्गात कुणी सांगितली नसती.

त्यानंतर गुरुजींनी जे बसवत आणले, ते मला महत्त्वाचे वाटते. उचल घेतल्यापासून टोळी निघेपर्यंत ते प्रत्येक घरी जातात. शक्य ती मुले मागे, हंगामी वसतिगृहाच्या सोयीत राहावीत म्हणून आईबापांशी भांडतात. जी जातातच, त्यांच्या हाती वही देतात आणि आठवड्यातून दोनदा रात्री बापाच्या फोनवरून त्यांचे वाचन ऐकतात. फोन लागला नाही तर मुकादमाला लावतात! परत आलेल्या मुलाला ते पहिले दोन दिवस काही विचारत नाहीत, फक्त बोलते करतात. मोळी किती किलोची, गाडी कशी भरतात, कोपीत साप निघाला तेव्हा काय केले. तिसऱ्या दिवसापासून मात्र सवलत नाही. शाळा सुटल्यावर एक तास जादा, आणि चुकलेले गणित बरोबर येईपर्यंत पुन्हा. लाल फुली ते मारत नाहीत, शेजारी मांडी घालून बसतात. पण उत्तर स्वतः सांगत नाहीत.

गणितही कसे, तर घरचेच. कोयत्याला उचल सत्तर हजार, टनाला साडेतीनशे धरले तर किती टन तोडल्यावर फिटेल? दोनशे. नवरा-बायको मिळून रोज दोन टन तोडतात, तर किती दिवस? शंभर. पाचवीतल्या एका पोराने हे सोडवले आणि घरी जाऊन बापाला विचारले की, आपण तर त्याहून जास्त दिवस तोडला, मग अंगावर बाकी कशी राहिली? बापाजवळ उत्तर नव्हते. मुकादमाजवळही नसावे, कारण गुरुजींनी पोरांना उलटसुलट शिकवू नये, असा निरोप लगेच शाळेवर आला. भागाकार आला की काय होते, हे निरोप पाठवणाऱ्याला आपल्यापेक्षा लवकर समजले.

हा अनुभव एकट्या मराठवाड्याचा नाही. अमेरिकेतील अलास्का प्रांतात खेड्यापाड्यांतून शहरातल्या माध्यमिक शाळांत येणाऱ्या आदिवासी मुलांचा ज्युडिथ क्लाइनफेल्ड या अभ्यासक बाईंनी अभ्यास केला. तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. ही मुले थंड, कोरड्या शिक्षकापुढे गप्प बसत. प्रेमळ पण काही न मागणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात ती आनंदात असत, पण शिकत फारसे नसत. जो शिक्षक आधी माणूस म्हणून ओळख करून घेई आणि मग त्याच नात्याच्या बळावर हक्काने काम मागे, त्याच्या वर्गात ती पुढे जात. बाईंचा तपशील वेगळा, मुले वेगळी, पण ती आजी हेच सांगत होती आणि तिने क्लाइनफेल्डबाईंचे नावही ऐकलेले नाही.

आता कुणी म्हणेल, दोनशिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा हिशोब ठेवा, निवडणुकीला जा. गुरुजी एकटा काय करणार? खरे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली, पण कामे थांबली नाहीत. त्याच कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, हे उत्तमच झाले. नापास न करण्याच्या तरतुदीचा अर्थ मात्र 'शिकवले नाही तरी चालते' असा सोयीस्करपणे लावला गेला. आता २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. शिकवायचे नाही आणि नापास मात्र करायचे, असे झाले तर गळणार कोण? पाचटातून परतलेले पोरच.

आणखी एक बाब, थोडी कडू आहे. आपल्या समाजातून शिक्षक झालेले कितीतरी बांधव तालुक्याला घर करून राहतात, मोटारसायकलने खेड्यावर जातात आणि साडेचारला परततात. स्वतःचे मूल इंग्रजी माध्यमात, त्याला शिकवणी दोन. त्या मुलाचे गणित चुकले तर घरात वादळ होते. वस्तीतल्या मुलाचे चुकले तर "जाऊ द्या, परिस्थिती आहे." जयंतीच्या मंचावर हेच बांधव 'शिका' या शब्दावर तासभर बोलतात. आपल्या लेकराकडून जे मागतो ते वस्तीतल्या लेकराकडून का मागत नाही, हे त्यांना विचारायला काय हरकत आहे?

विचारायची जागाही आहे. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे, असे कायदा सांगतो. बहुतेक गावांत या सभा रजिस्टरवर होतात आणि आपल्या बाया-माणसांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात. दिवाळीनंतर टोळ्या निघतील, त्याआधीची एक सभा तरी खरी भरवा. मुलांना पुढे बोलवा, पुस्तक आयाबायांनी निवडावे, पानही त्यांनीच उघडून द्यावे, आणि गुरुजींच्या शेजारी उभे राहून मुलाने ते मोठ्याने वाचावे.