कळफलकाच्या बदलाविषयी सीमाभागातील मराठी टंकलेखकांचे मागणीपत्र

प्रति,
कर्नाटक शासन, बेंगळुरू;
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई;
महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे;
सी-डॅक, पुणे.

महोदय,

बीदर जिल्ह्यातले औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद या तालुक्यांत मराठी टायपिंगवर पोट भरणारी आम्ही माणसे आहोत. कोणी मराठी शाळेत प्रश्नपत्रिका काढतो, कोणी लग्नपत्रिका आणि हँडबिलांचे डीटीपी करतो, कोणी तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र आमच्या बोटांखालच्या कळांबद्दल आहे. त्या वारंवार बदलल्या, आणि प्रत्येक बदलाचा खर्च आम्ही एकट्याने सोसला.

नव्या गोष्टीला आमचा विरोध आहे असे कृपया समजू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. कचेरीची भाषा उर्दूची कन्नड झाली, घरातली मराठीच राहिली. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे रचली तशी कन्नडमध्येही रचली. गाणगापूरचा महिमा सांगणारे गुरुचरित्र मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची बोली कन्नड होती. दुसरी भाषा, दुसरी लिपी शिकायचा कंटाळा या मातीत कधीच नव्हता.

अडचण कुठे आहे ते एका शब्दावरून सांगतो. 'किती' हा शब्द घ्या. टाइपरायटरच्या मशीनवर ठसा एकदा उमटला की माघार नसते, म्हणून जे डावीकडे दिसते ते आधी मारायचे: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. 'सर्व' लिहिताना स, व, आणि शेवटी वर रफार. रेमिंग्टन पद्धतीची ही सवय गोदरेजच्या मशीनवर हजारो हातांना लागली. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवले. मशीन गेले, सवय राहिली. इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र उच्चाराच्या क्रमाने चालतो: आधी क, मग वेलांटी, 'सर्व'साठी स, र, पाय मोडायची कळ, मग व. क्रम शास्त्रशुद्ध आहे, हे आम्ही मान्य करतो. पण वीस-पंचवीस वर्षे जे बोट आधी उठले, त्याला आता मागून उठायचे आहे.

आमच्या एका सभासदाच्या मुलीने दोन वर्षे रेमिंग्टनवर सराव केला. एका भरतीच्या चाचणीला ती गेली, तर समोरच्या संगणकावर फक्त इन्स्क्रिप्ट होते. तिने सवयीने वेलांटी आधी दाबली आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली नुसती वेलांटी उमटली. ती पुसून पुन्हा लिहिण्यात वेळ गेला. मिनिटाला तीस शब्दांची तिची गती त्या दिवशी अर्धीही भरली नाही. जाहिरातीत कळफलकाचा उल्लेखच नव्हता.

म्हणून पहिली मागणी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी: टंकलेखनाची अट असलेल्या प्रत्येक जाहिरातीत आणि परीक्षेच्या सूचनेत कळफलकाचे नाव स्पष्ट छापावे. कळफलक बदलायचा असेल तर किमान दोन वर्षे आधी कळवावे, आणि त्या काळात उमेदवाराला रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट हे निवडता यावे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्रातल्या शासकीय नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. तो हक्क कागदावर राहू नये यासाठी सरावाचे आणि परीक्षेचे एखादे केंद्र सीमेलगत, उदगीरसारख्या ठिकाणी, या मुलांसाठी राखून ठेवावे.

दुसरी मागणी कर्नाटक शासनाकडे. आमच्या सभासदांना कन्नडही टाइप करावे लागते, आणि ते त्यांनी केलेच पाहिजे असे आम्हीही म्हणतो. सरकारी कन्नडसाठी नुडी ही संगणकप्रणाली आहे आणि तिच्यात के. पी. राव यांच्या पद्धतीवर उभा असलेला क-ग-प कळफलक आहे. तो इंग्रजी अक्षराच्या आवाजावर चालतो. इंग्रजी आरची कळ तिथे र देते, डीची कळ द. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये हीच आरची कळ दीर्घ वेलांटी देते आणि डीची कळ अक्षराचा पाय मोडते. सकाळी कन्नड पत्र आणि दुपारी मराठी प्रश्नपत्रिका करणाऱ्या माणसाचा हात इथे अडखळतो.

यातून सुटायचा रस्ता नव्याने शोधायची गरज नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट आखला तो सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला एक धरूनच. मराठी क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नड क आहे. ळ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नड ळ. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व रूप वेगळे असते, त्यांच्या कळा तेवढ्या जास्तीच्या शिकायच्या. एकदा बसलेला हात दोन्ही भाषांना चालतो. सीमाभागाला याहून सोयीचे काय असणार? नुडी काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. नुडीच्या जोडीला सीमेवरच्या तालुक्यांतल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि महाविद्यालयांत कन्नड व मराठी दोन्ही इन्स्क्रिप्ट चालू ठेवावेत, आणि संगणक शिक्षणात ते शिकवावेत. कर्नाटकात मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापली जातात, मग त्या शाळांच्या संगणकावर मराठी कळफलक असणे ओघानेच येते.

एक दुखणे बारीक वाटेल, पण अर्ज लिहिणाऱ्याला रोज टोचते. 'शेतकऱ्यांना' हा शब्द अर्जाअर्जांत 'शेतकर्यांना' असा छापला जातो. 'दऱ्या' लिहायला जावे तर 'दर्या' होतो, डोंगरातली वाट समुद्रात जाते. खरे तर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, मग पाय मोडायचा, मग य. तीन कळांचे काम, पण ते कोणी शिकवलेच नाही. वकिलांच्या नावाआधीच्या 'ॲड.'चेही तसेच. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी अ वर चंद्र ठेवून भागवत असत. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकावर नाव शोधायला गेले की एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. सी-डॅकने मराठीच्या या खास अक्षरांची, रफाराची आणि जोडाक्षरांची एक छापील पाटी काढावी आणि आमच्या प्रत्येक शाळेला, इन्स्टिट्यूटला द्यावी. पाटी कन्नड व मराठी अशी जोडपाटी असेल तर उत्तम.

राज्यघटनेचे ३५० वे कलम राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. आता गाऱ्हाणे ऑनलाइन मांडायचे असते. तेव्हा बीदर आणि कलबुर्गीतल्या सेवांच्या ऑनलाइन अर्जात मराठी मजकूर स्वीकारला जावा, ही मागणीही याच पत्रात धरावी.

जुन्या फाइलींबद्दल थोडक्यात. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये केलेली शाळांची दप्तरे, गावच्या देवस्थानांची पत्रके, भजनी मंडळांच्या वह्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. त्या युनिकोडमध्ये आणण्याची सोय फुकट आणि खात्रीची मिळावी. आमच्याकडे तपासून घ्यायला माणसे आहेत.

शेवटची मागणी हातांची. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, मशीनवर शिकलेल्या टंकलेखकांना नवा कळफलक शिकण्यासाठी तीन महिन्यांचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणी भरवावेत आणि त्या काळात त्यांची मजुरी बुडू नये एवढा भत्ता द्यावा. शिकवायला आमचेच जाणते सभासद विनामोबदला उभे राहतील.

या सर्व मागण्यांपैकी पहिलीतल्या पहिल्या वाक्याला पैसा लागत नाही, बैठक लागत नाही. पुढची जाहिरात निघण्याआधी तिच्यात कळफलकाच्या नावाची एक ओळ घालावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी टंकलेखक, संगणकचालक आणि अर्जलेखक