पाकीट कंपनीचे, उकिरडा वाशीमचा

वाशीम जिल्ह्यातले सोयाबीन पोत्यांत भरून बाहेर जाते आणि कारखान्यांतले तयार अन्न चकचकीत पाकिटांत भरून आत येते. पोते पुन्हा वापरले जाते. पाकीट नालीत जाते.

‘गरम करा आणि खा’ जातीचे हे पाकीट दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेले असते. म्हणून त्यातले अन्न शीतकपाटाविना महिनोन्‌महिने टिकते. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांच्या शिध्यासाठी या तंत्रावर काम केले. जवानाची गरज कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो बाजारात आलेल्या कवचाचा. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा वर्ख, कधी नायलॉन आणि आतून पॉलीप्रॉपिलीन असे थर त्यात चिकटवून एकजीव केलेले असतात. पॉलीप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळते, पॉलिएस्टर 250 च्या पुढे, ॲल्युमिनियम 660 ला. हे थर सुटे करण्याचा खर्च हाती येणाऱ्या मालापेक्षा अधिक. म्हणून भंगारवाला पत्र्याचा डबा तराजूत घेतो, पाकीट घेत नाही. आणि कचरा वेचणारी बाई ते उचलीत बसली तर तिचा दिवस बुडतो. पाकिटावरच्या बाणांच्या त्रिकोणात 7 हा आकडा असेल, तर त्याचा अर्थ ‘इतर’ एवढाच; ग्राहकाला मात्र ते पुनर्प्रक्रियेचे वचन वाटते.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. पुनर्प्रक्रिया न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद होईल, असे केंद्राने 2016 च्या नियमांत लिहिले होते. मुदत संपत आली आणि मार्च 2018 मध्ये त्याच कलमात ‘ज्यातून ऊर्जा मिळत नाही’, ‘ज्याचा पर्यायी उपयोग नाही’ असे शब्द घुसवले गेले. जळते त्यातून ऊर्जा मिळते, पाकीट सुटले! सिमेंटच्या भट्टीत ते जाळता येते म्हणे. पण रिसोडच्या नालीतले पाकीट त्या भट्टीपर्यंत कोणी आणि कोणाच्या पैशाने न्यायचे? 2022 पासून कंपनीला उत्तरदायित्वाची प्रमाणपत्रे विकत घेता येतात. प्रमाणपत्र कोठल्या तरी दूरच्या शहराचे, कचरा येथेच.

त्याच मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली. पिशवी देणाऱ्या भाजीवालीला पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये दंड. उत्पादनाच्या टप्प्यावर कारखानदाराने गुंडाळलेल्या वेष्टनाला मात्र सूट. कायदा कोणाच्या वर्गाचा, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

पर्याय नाही ही सबब खोटी आहे. तीच उष्णता सोसणारी, जवळजवळ निव्वळ पॉलीप्रॉपिलीनची पाकिटे निघालेली आहेत. दुधाच्या पिशवीला राज्याच्याच अधिसूचनेने किमान 50 पैसे परतावा ठरवला होता; तो कागदावर राहिला हा भाग वेगळा. तयार अन्नाच्या पाकिटाला तसा परतावा सक्तीचा करावा, वेचणाऱ्या स्त्रीला किलोमागे दर कंपनीने द्यावा आणि 2016 चे मूळ कलम परत आणावे, असे ठराव वाशीम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर नगरपरिषदांपुढे कार्यकर्त्यांनी मांडले पाहिजेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांना संघटित करीत आली आहे. वाशीममध्ये त्यांची साधी यादी करण्यापासून सुरुवात करता येईल.