देव गेला, दैव राहिले

काही महिन्यांपूर्वी एक विधवा भगिनी माझ्या कार्यालयात आली. तिचा पती एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. मैल्याच्या टाकीत उतरला तो जिवंत वर आलाच नाही. त्याच्या कमरेला दोर नव्हता, तोंडावर मुखवटा नव्हता आणि टाकीतील हवा तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्या भगिनीने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. घडलेला प्रकार हा केवळ दैवाचा भाग असून त्याबद्दल आपली कोणाविरुद्धही तक्रार नाही, असा मजकूर त्यावर टंकलिखित केलेला होता. खाली सहीपुरती जागा मोकळी होती. सही झाली की ठेकेदार काही हजार रुपये देणार होता.

मी विचारले, "ताई, यात लिहिलेले तुम्हांला मान्य आहे काय?"

ती म्हणाली, "आमच्या नशिबातच नव्हतं, साहेब. कोणाला बोल लावायचा?"

पुढे कामानिमित्त मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. देव्हारा नव्हता. तिच्या आजेसासऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि घरी परतताच देव्हाऱ्यातील सारे देव नदीत सोडून दिले, अशी हकिकत घरच्या मंडळींनी अभिमानाने सांगितली. त्या घरातून देव जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. परंतु दैव मात्र उंबरठ्याच्या आतच बसून होते आणि आज तेच ठेकेदाराच्या बाजूने साक्ष देत होते.

हा दोष त्या एका दुःखी भगिनीचा नव्हे. आपल्यातील पदवीधर, अधिकारी, प्राध्यापक यांच्या घरी जाऊन पाहावे. "आम्ही देव मानीत नाही" असे जे अभिमानाने सांगतात, तेच मुलीचे लग्न ठरविताना गुपचूप पत्रिका दाखवून येतात. नव्या घराचे दार कोणत्या दिशेला असावे याची चौकशी करतात. बदली झाली तर ग्रहांना बोल लावतात आणि बढती झाली तर नशिबाला श्रेय देतात. देव नाकारणे त्या मानाने सोपे आहे. दैव नाकारणे अवघड आहे. पहिले काम आपण बरेचसे केले, दुसरे अर्धवट राहिले.

या देशात 'नास्तिक' या शब्दाचा इतिहास काय, हेही समजून घेतले पाहिजे. मनुस्मृतीच्या दृष्टीने नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, तर तर्काच्या आधारे श्रुती-स्मृतींचा अवमान करणारा. म्हणूनच एक विलक्षण गोष्ट घडू शकली. सांख्यकारिकेने सृष्टीचा उलगडा ईश्वराचा आधार न घेता केला. मीमांसक कुमारिल भट्टाने सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना युक्तिवादाने खोडून काढली. तरीही हे दोघे आस्तिक दर्शनांतच गणले गेले. त्यांना कोणी बहिष्कृत केले नाही. का केले नाही? कारण ईश्वर गेला तरी वेदांचा अधिकार शाबूत होता, कर्मविपाक शाबूत होता आणि त्यावर उभारलेली वर्णांची उतरंडही शाबूत होती.

यातून निघणारा निष्कर्ष आपण नीट ध्यानी धरला पाहिजे. विषमतेला ईश्वराची गरज असतेच असे नाही. दैवावाचून मात्र तिचे चालत नाही. छांदोग्य उपनिषदात सांगितले आहे की, ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय वा वैश्य योनीत जन्म घेतात आणि ज्यांचे आचरण वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या वा चांडाळाच्या योनीत. येथे न्यायाधीश म्हणून कोणी देव बसलेला नाही. निकाल आपोआप लागतो. गुन्हा कोणता ते आरोपीला आठवत नाही, पुरावा कोणी दाखवीत नाही, अपिलाची सोय नाही, आणि शिक्षा मात्र जन्मापासून मरणापर्यंत भोगायची! कोणत्याही सुसंस्कृत देशातील न्यायालय असा खटला पहिल्याच तारखेला फेटाळून लावील.

भगवान बुद्धांनी हा खटला अडीच हजार वर्षांपूर्वीच फेटाळला होता. अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात त्यांनी तीन मतांचा समाचार घेतला आहे. मनुष्याला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळे होते, हे एक मत. ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे होते, हे दुसरे. ते कोणत्याही कारणावाचून होते, हे तिसरे. तिन्हींवर तथागतांचा आक्षेप एकच आहे. यांपैकी काहीही मानले, तर हत्या करणारा पूर्वकर्मामुळे हत्या करतो असे म्हणावे लागेल, आणि मग हे करावे व ते करू नये या भेदाला व मनुष्याच्या प्रयत्नाला काही अर्थच उरणार नाही. ध्यानात घ्यावे की ईश्वर आणि पूर्वकर्म या दोहोंना तथागतांनी एकाच पंक्तीत बसविले आहे.

संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला. त्याला तथागतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्माचे फळ. सर्वच वेदनांचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक, जे प्रत्यक्ष कळते आणि जगात सत्य म्हणून मान्य आहे त्याच्या पलीकडे धाव घेतात, असे त्यांनी स्पष्ट बजावले. मैल्याच्या टाकीत मेलेल्या माणसाचे मरण या यादीत कोठे बसते, हे सांगण्यास पंडित कशाला हवा?

त्या काळी मक्खली गोसाल हा नियतिवादाचा मोठा पुरस्कर्ता होता. सुताचा गुंडा फेकला म्हणजे जसा उलगडत जाऊन संपतो, तसे प्राणी ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करून मोकळे होतात, तेथे पुरुषार्थ काही कामाचा नाही, असे तो सांगे. त्याच्या मताची तुलना तथागतांनी केसांच्या कांबळ्याशी केली. ते थंडीत गार, उन्हात गरम आणि वर दुर्गंधीयुक्त. वस्त्रांत जसे ते निकृष्ट, तसे मतांत हे निकृष्ट. तेच कांबळे आज आपण दीक्षाभूमीवरून परतल्यानंतरही पांघरून बसलो आहोत काय?

कोणी म्हणेल की, आत्मा अमर आहे आणि तो मागील देहाचे हिशेब पुढच्या देहात घेऊन येतो. बौद्धाला हे म्हणण्याची सोय नाही. मज्झिम निकायात साती नावाच्या भिक्षूची कथा आहे. तो कोळ्याचा मुलगा होता. एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, जशीच्या तशी जन्मोजन्मी भटकत राहते असा त्याचा समज झाला होता. तथागतांनी त्याला सर्वांसमक्ष दुरुस्त केले. लाकडामुळे पेटतो तो लाकडाचा अग्नी, गवतामुळे पेटतो तो गवताचा अग्नी. त्याचप्रमाणे ज्या कारणाने जाणीव उत्पन्न होते त्यावरून तिला नाव मिळते, कारणावाचून जाणीव नाही.

याची शहानिशा त्या टाकीतच झाली. अशा टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू थोडा असता कुजक्या अंड्यासारखा वास देतो. त्याचे प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच मारतो, पेशींना प्राणवायू वापरू देत नाही, आणि काही श्वासांतच मनुष्य बेशुद्ध होतो. जाणीव गेली ती कोणत्या लोकी निघून गेली नाही. इंधन तुटले आणि दिवा विझला. तो दिवा राखणे हे काही माणसांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी केले नाही.

येथे एक आक्षेप आधुनिक विद्वानांकडून येतो. ते म्हणतात, तुम्ही देव व आत्मा नाकारून सर्व काही कारणांवर सोपविले, मग मनुष्याची इच्छाही कारणांनीच ठरली. १९८३ साली बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात हलविण्याचा निर्णय मनुष्याला जाणवण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूतील हालचाल सुरू झालेली दिसली. तेव्हा दैव मागच्या दाराने परत आले नाही काय?

माझे उत्तर असे की, नाही आले. कारण आणि दैव या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. दैव म्हणते, काहीही करा, होणार तेच होणार. कारण म्हणते, मला काढून टाका, म्हणजे कार्य होणार नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा सारा रोख या दुसऱ्या वाक्यात आहे. मनुष्याची इच्छाही कारणांनी घडत असेल, तर शिक्षण, शील, संगत आणि कायदा ही त्या कारणांतलीच आहेत आणि ती बदलणे आपल्या हाती आहे.

कायद्याची दिशाही हीच राहिली आहे. जुन्या कायद्यात 'दैवी आपत्ती' हा प्रतिवादीचा हक्काचा बचाव असे. दिल्लीतील ओलियम वायूगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ठरविले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याला त्यातून झालेल्या हानीबद्दल असा कोणताही बचाव मिळणार नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी सूचना आली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली आणि उद्देशिका लोकांच्याच नावाने सुरू झाली. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीने ईश्वराची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मोकळीक दिली. १९६९ च्या शपथ अधिनियमाने तीच सोय साक्षीदारालाही ठेवली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. संरक्षक साधनांवाचून कोणाला गटारात वा टाकीत उतरविणे हा त्यात गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. परंतु हे सर्व कायदे एका सहीने निकामी होऊ शकतात. 'नशीब' हा शब्द फिर्यादीच्याच तोंडून निघाला, म्हणजे आरोपीला वकील देण्याचीही गरज उरत नाही.

पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत, गरीब व दलित यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी म्हणूनच उपयोगी पडतो, हे बाबासाहेबांनी १९५७ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. बावीस प्रतिज्ञांतील एकविसावी प्रतिज्ञाही आठवावी. तीत नव्या जन्माचा उच्चार आहे. तो जन्म मरणानंतरचा नव्हे. तो याच देही, भर दिवसा, लाखो साक्षीदारांसमक्ष आणि स्वतःच्या निर्णयाने घेतलेला जन्म आहे. पूर्वसंचितावर विसंबून राहिले असते, तर आपल्या वाडवडिलांनी तो कधीच घेतला नसता.

शेवटी एक प्रश्न माझ्या मनाला टोचतो, तो लपविणे बरे नव्हे. दुःखाने खचलेल्या स्त्रीच्या हातून नशिबाचा आधारही काढून घ्यावा काय? मी त्या दिवशी घुटमळलो. तिला युक्तिवाद ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले. मग मी तिला एवढेच विचारले, "ताई, त्या टाकीत ठेकेदाराचा मुलगा उतरला असता काय?" ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "त्याला कशाला उतरवतील?" मी म्हटले, "मग हे नशीब फक्त आपल्याच वस्तीत का राहते?"

सांत्वन हवे, याबद्दल वाद नाही. ते शेजाऱ्याने करावे, विहाराने करावे, समाजाने त्या घरची चूल पेटती ठेवून करावे. ज्या सांत्वनाची किंमत मृताचा न्याय देऊन चुकवावी लागते, ते सांत्वन नव्हे. म्हणून माझी विनंती आहे की, प्रत्येक विहारात बावीस प्रतिज्ञांच्या पठणाबरोबर सीवकाला दिलेले ते आठ कारणांचे उत्तरही समजावून सांगितले जावे, आणि वस्तीत कोणावर आघात झाला तर 'नशिबात होते' हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडण्यापूर्वी 'हे कोणी केले, कोणी होऊ दिले' हा प्रश्न आपण विचारावा.

त्या भगिनीने कागदावर सही केली नाही. कागद तिने घडी करून माझ्याकडेच ठेवला आहे आणि दाव्याच्या कामी तो आमच्या बाजूचा पुरावा आहे. दावा चालू आहे.