ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नव्हे

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा आपणा बडोदेकरांस सार्थ अभिमान आहे. पण शिकवणाऱ्याच्या उतारवयाचे काय? शिक्षक हा ग्रॅच्युइटी कायद्यातला ‘कर्मचारी’ नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या दाव्यात दिला. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासूनचा हक्क शिक्षकांना दिला. शाळाचालक न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये हरले.

आता वाद उरलेला नाही. शाळेत १० माणसे कामाला असली, की ५ वर्षे नोकरी झालेल्यास वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तोही ३० दिवसांच्या आत, द्यावाच लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरील माणसास वर्षभरातच हा हक्क दिला आहे. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका करून तो चुकवणे आपल्या संस्थांना शोभणारे नाही.

शाळा, ट्रस्ट, पेढ्या चालवणाऱ्या समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच: ही रक्कम दरसाल बाजूला काढा. शाल-श्रीफळ हा मान झाला. ग्रॅच्युइटी हे देणे आहे.